माझ्या आधीचा मी

"उतर खाली! किती डाव मरशील बे? एकदा मेलास तेवढं पुरं झालं न्हाई का?"

ओरडत होता माझा चुलता. त्याचा आवाज असा, की आमच्या किराणा दुकानात बसून तो नुसता शिंकला तरी तलवाड्याच्या बाजारात बैल दावं तोडायचे. मी विहिरीच्या कठड्यावर उभा. अंगात फक्त चड्डी, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. वय दहा-अकरा. खाली पाणी काळंभोर. आमच्या गावाच्या मते तिच्या तळाला पाताळ होतं आणि पाताळाखालीही अजून बरंच काही. चुलता काही खोटं बोलत नव्हता. त्या विहिरीत मी आधी एकदा बुडून मेलो होतो.

निदान सगळं गाव तसं मानत होतं.

माझ्या आधी मायला एक मुलगा झाला होता. सात वर्षांचा असताना तो याच विहिरीत गेला. आम्ही लिंगायत, आमच्यात मेलेल्याला बसवून पुरतात. पुरण्याआधी आत्यानं त्याच्या उजव्या कानामागं काजळाचं बोट टेकवलं. लेकरू परत आलं तर ओळखू यावं, म्हणून. दीड वर्षानं मी आलो, उजव्या कानामागं तीळ घेऊन. आत्या सांगायला बसली की तो तीळ रुपयाएवढा असायचा आणि तिच्या सासरी पोचेपर्यंत भाकरीएवढा व्हायचा. माझ्या डाव्या कानामागंही एक तीळ आहे, पण तो कुणाच्याच कामाचा नव्हता.

नाव त्याचंच ठेवलं. माणूस तोच, मग नवं नाव शोधतंय कोण?

तेव्हापासून मी दुसऱ्याचं आयुष्य पुढं चालू ठेवायला लागलो. गावातला शिंपी मी दिसलो की बाही वर करून मनगट पुढं करायचा. "बघ, तूच चावलातास. आजून ठणकतंय." मी हात जोडून माफी मागायचो. पुढच्या वेळी खूण थोडी वाढलेली असायची. शेवटी शेवटी तर ती बघून वाटायचं, मी मागच्या जन्मी पोरगा नव्हतोच, बिबट्या होतो. त्याला दोडका आवडत नव्हता, म्हणून मलाही आवडत नव्हता. माय माझ्या ताटात दोडका वाढायचीच नाही. गावातली पोरं बांधाआड बिड्या ओढायची, मी शेजारच्या घरात लपून दोडक्याची भाजी खायचो.

ऐकून ऐकून मला आठवायलाच लागलं. शिंप्याच्या मनगटाची खारट चव आठवायची. आणि बाकीचंही. मांडी घालून बसवलेला मी, तळहातावर लिंग, कपाळाला भस्म. वरून माती येते ती आधी मांडीत साठते, मग पोटाशी. हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. आता चाळिशी आली, बीडला फ्लॅट आहे, तरी दुपारी पंख्याखाली डोळा लागता लागता मांडीवर काहीतरी जड साठत जातं. बायको म्हणते, चादर आहे. असेल.

मग मला आठवं वर्ष लागलं आणि पंचाईत झाली. तो सातव्याच्या पुढं गेलाच नव्हता. सातपर्यंत मी काय खातो, कशाला भितो, कुणाला चावतो, सगळं गावाला पाठ होतं. आठव्यात मी आत्याला विचारलं, "आत्या, मला कारलं आवडतं का गं?" "काय की बाबा," ती म्हणाली आणि उठून आत गेली. शिंप्यानं बाही खाली ओढली ती ओढलीच. आरशात बघितलं तर चेहरा कुणाची तरी वाट बघत थांबल्यासारखा दिसायचा. वाटायचं, तो माझ्या मागं उभा आहे आणि पुढं कसं जायचं ते मलाच विचारतोय.

शेवटी मी एक परीक्षा ठरवली. तो बुडाला. मी त्याच विहिरीतून वर आलो, तर मी तो नाही. चुलत्याच्या दुकानातला तेलाचा रिकामा डबा पाठीला बांधून लांबच्या बंधाऱ्यावर पोहायला शिकलो आणि एक दिवस डब्याशिवाय कठड्यावर चढलो.

चुलता ओरडत असतानाच उडी मारली. खाली जायला इतका वेळ लागला की तेवढ्यात वर तुरीचं एक पीक निघालं असतं. पाणी गार. मी डोळे उघडले. तो आहे का, बघायचं होतं. आता हे मात्र मी वाढवून सांगत नाही: हिरवा अंधार होता आणि तिथं कुणीच नव्हतं. मला सगळ्यात जास्त भीती कुणी नसण्याचीच वाटली. हातपाय मारले आणि वर आलो.

चुलता धोतर भिजवत पायऱ्या उतरला, बखोटीला धरून मला बाहेर काढलं, एक थोबाडीत दिली आणि रडायला लागला. "आलास बे, आलास," असं म्हणत होता. कुणाला म्हणत होता, मला कळेना.

घरी माय ओसरीवर तूर पाखडत होती. मी तसाच ओला तिच्यापुढं उभा राहिलो.

"माय, मी इहिरीत उडी मारली. बुडलो न्हाई. मी तो न्हाई."

"माहीत हाय," माय म्हणाली. सूप थांबलं नाही.

"कवापासून?"

"तू पोटात होतास तवापासून. तो लई लाथा मारायचा. तू गप पडून ऱ्हायचास."

माझ्याबद्दल, फक्त माझ्याबद्दल, कुणी सांगितलेली ती पहिली गोष्ट. मी ती धरून उभा राहिलो. अंगावरून पाणी गळून पायाशी थारोळं झालं. मग मला राग आला.

"मंग मला त्याच्या नावानं हाक कावून मारतीस?"

मायनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"त्याला हाक मारून बघितली. तो ओ देईना."