अप्पांचे साचे विकणारी आत्या

काहीही विकताना माझी आत्या आधी त्यातली खोट सांगायची. वाडीतले चिकू घ्यायला कुणी आलं की म्हणायची, "नुसते वरचे बघू नका, तळाचे दोनचार मऊ पडलेत." गिऱ्हाईक हसायचं आणि तीच पाटी उचलायचं.

तिचे यजमान अप्पा. चिंचणीतल्या छोट्याशा दुकानात बसून ते दागिन्यांच्या डाय कोरायचे. डाय म्हणजे पोलादी ठोकळ्यात उलटा कोरलेला साचा. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठोकला की पान, फूल, मोर उठून येतो. पुढे संगणकावर साचे निघायला लागले, मागणी आटली, तरी अप्पा कोरतच राहिले. ते गेले तेव्हा कपाटं न विकलेल्या साच्यांनी भरलेली होती. मुलगा सुहास वापीला नोकरीला; त्याला दुकान भाड्याने द्यायचं होतं. त्याने भंगारवाल्यालाच बोलावलं.

"आई, शेवटी लोखंडच ना ते?"

"लोखंडापायी तुझ्या बापाने डोळे नाही घालवले," आत्या म्हणाली, आणि तिने भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग तिने मला डहाणूहून बोलावून घेतलं. "तुझ्या मोबाइलवर विकता येतं ना? विकूया." मी साच्यांचे फोटो काढून जाहिरात टाकली. बरेच दिवस गेले. विचारणा आली ती किलोच्या भावाची.

आत्याने चष्मा पुसून जाहिरात पाहिली. "अगं, सोनाराला काळा ठोकळा काय दाखवतेस? फूल दाखव." तिने घट्ट कणीक मळली, साच्यात दाबली आणि अलगद सोडवली. पाकळ्या उमटल्या होत्या, शिरांसकट! तो ठसा आम्ही खिडकीच्या उजेडात ठेवला, शेजारी मापाची पट्टी. मजकुराची पहिली ओळ आत्याने सांगितली : उजव्या पाकळीला बारीक चरा आहे.

"असं लिहिल्यावर घेणार कोण?"

"ज्याला चालेल तो. पण घेतलेलं परत नाही धाडणार."

सुरत, राजकोट, कोल्हापूरचे कारागीर फोन करू लागले. आत्या गुजराती अशी बोलायची की पलीकडचा लगेच 'बेन' म्हणायला लागायचा. प्रत्येकाला ती विचारायची, "यावर काम होईल ना तुमच्याकडे?"

एकदा एक व्यापारी गाडी घेऊनच आला. सगळं एकदम उचलणार होता. सुहास खूश. आत्याने विचारलं, "एवढ्यांचं करणार काय?" माणूस सरळ होता. म्हणाला, "नक्षी मशीनवर उतरवून घेऊ, मग वितळवू."

"म्हणजे यांच्यावर कुणीच काम करणार नाही," आत्या म्हणाली, आणि तिने नकार दिला. सुहास तणतणत वापीला गेला. पुढे कितीतरी दिवस त्याचा फोन नाही. आत्या मात्र पार्सलं शिवायची थांबली नाही.

शेवटचं कपाट रिकामं होत आलं तेव्हा सुहास आला. एक मोराचा साचा त्याने हातात घेतला. कडेच्या रेघांवरून बोट फिरवत म्हणाला, "आई, हा मी ठेवू?"

"राजकोटच्या कारागिराला हो म्हणून बसलेय. लग्नाचा हार अडलाय त्याचा. तू सांग, त्याला नाही म्हणून कळवते."

 सुहासने साचा कापडात गुंडाळला, पार्सल स्वतःच्या हाताने शिवलं आणि स्कूटरवरून पोस्टात न्यायला निघाला. तो वळणाआड गेला तशी आत्या दुकानाच्या पायरीवर बसली. अप्पा गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.