बोंबलाशेजारी ठेवलेला चहा

चहा जितका उकळावा तितका चांगला, या श्रद्धेवर मी पन्नाशी गाठली. म्हणून मेहुण्याने चीनहून आणलेला चहाही मी दूध, साखर, आलं घालून दणदणीत उकळला. प्यायल्यावर माझा चेहरा असा झाला, की शेजारचे गुरुजी "कोण गेलं?" म्हणून विचारायला आले.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, धाकटा भाऊ दिलीप. जहाजावर स्वयंपाकी आहे, आमच्याकडे जव्हारला क्वचित येतो. त्याने आणलेला चहा म्हणजे कागदात गुंडाळलेली, भाकरीएवढी दाबलेली चकती. नाव पु-एर.

"भाऊजी, हा कच्चा आणि कोवळा आहे. याला उकळत नाहीत," असं म्हणून त्याने एक तुकडा सुरीच्या टोकाने सोडवला, त्यावर गरम पाणी ओतलं आणि ते लगेच मोरीत फेकलं.

"अरे, एवढ्या लांबून आणलास आणि मोरीला पाजतोस?"

"पहिलं पाणी पत्ती धुवायचं. आता प्या."

दुसरं पाणी त्याने घातलं आणि चार श्वासांत गाळलं. रंग फिकट पिवळा, चव थेट काडेचिराइतासारखी कडू. मी खिडकी शोधू लागलो. (थुंकायला. पाहुण्यासमोर तेवढी लाज अजून आहे.) पण घोट उतरला आणि घशात हळूच गोडवा आला, आवळा खाऊन पाणी प्यावं तसा.

सुनंदा मात्र डोळे मिटून पीत होती. एरवी ही बाई सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी उभी राहून, पातेल्यात उरलेला चहा पिते. त्या दिवशी ती भावासमोर मांडी घालून बसली होती आणि पाण्यामागून पाणी ओतून घेत होती.

दिलीप म्हणाला, "ताई, ठेवला की याचा कडूपणा जातो. दरवेळी आलो की थोडा पिऊ. फक्त ओल नको आणि वास नको."

यातली पहिली सूचना मी मनावर घेतली.

आमच्याकडे पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, तिथे चहा काय टिकणार? साखरशेतला माझ्या थोरल्या भावाचं घर आहे. तिथे चुलीच्या वर बांबूचा तट्टा टांगलाय आणि त्यावर नागलीचं बियाणं पावसाळाभर कोरडं राहतं. मी चकती तिथे नेली.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, वर सुके बोंबीलपण हायेत."

"असू द्या. चहा काय बोंबील खाणार आहे?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटली.

दिवाळीनंतर दिलीप आला तो बातमी घेऊन. परदेशातल्या हॉटेलात कायमची नोकरी लागली होती. आता येणं कधी, सांगता येत नव्हतं. "ताई, चहा काढ," तो म्हणाला. मी अभिमानाने साखरशेतहून आणलेली चकती पुढे केली.

पाणी पडलं आणि दिलीपने नाक वर केलं. "ताई, बोंबील भाजतेस?"

"वेडा का? आज माझी संकष्टी आहे."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

पहिलं पाणी फेकलं. दुसरं फेकलं. तिसरं मी स्वतः फेकलं. मोरी त्या दिवशी जेवढा पु-एर प्यायली तेवढा चीनमध्येही कुणी पीत नसेल. वास हलेना. उपवासाच्या तोंडी तो घोट सुनंदा कशी घेणार? तिने कप नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

दिलीप मात्र सगळा प्यायला. "घरचा वास आहे, भाऊजी," म्हणाला आणि उरलेली चकती पिशवीत टाकली. "ताई, पुढच्या वेळी तू पी." ती "हो" म्हणाली. पुढची वेळ कधी, ते कुणी विचारलं नाही.

सकाळी त्याला बसमध्ये बसवून आलो. सुनंदा ओट्याशी उभी राहून पातेल्यातला चहा पीत होती. मी पाट मांडला. "बस ना जरा. त्या चहाचं माझं चुकलंच."

ती बसली नाही. कप विसळत म्हणाली, "दिलीप म्हणाला होता, ठेवला की कडूपणा जातो. खोटं आहे हो ते. तुम्हाला तर मी लग्नापासून ठेवलंय."