पट्टीची पूजा, माणसासकट

माझे बाबा शहापूर-मुरबाड रस्त्यावर टमटम चालवतात. भादव्यात दोनदा असं झालं, की चालवता चालवता त्यांच्या छातीत फडफड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्यांनी गाडी कडेला घेतली. दुसऱ्या वेळी मागे आठ माणसं होती. बाबांनी हे घरी सांगितलं नाही. त्या आठांत शेजारची काकी होती, तिनं सांगितलं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून डॉक्टरांकडे मीच न्यायचं ठरलं. मी कॉमर्सला आहे, हे कुणी विचारात घेतलं नाही.

शहापूरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, त्यात काही दोष निघाला नाही. मग त्यांनी बाबांच्या छातीवर डावीकडे काडेपेटीएवढी एक पट्टी चिकटवली. सात दिवस काढायची नाही, ठोके आत नोंदले जातील. फडफड झाली की मधलं बटण दाबायचं आणि तेव्हा किती वाजले, काय करत होतात, ते वहीत लिहायचं. वही माझ्या हातात आली.

बाबांनी ती परीक्षाच समजली. पट्टीनं नापास केलं तर टमटम सुटणार, ही त्यांची धास्ती. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा सोडला. मग हॉर्न वाजवणं सोडलं. म्हैस रस्त्यात बसली तर ती आपणहून उठेपर्यंत थांबायला लागले. एक प्रवासी म्हणाला, "काय ड्रायव्हर, दीक्षा घेतली काय?" संध्याकाळी आले की मला विचारायचे, "आज किती मार्क पडले गो?"

मी भीत भीत सांगितलं, "बाबा, ही पास व्हायची परीक्षा नाय. फडफड होते, तेवाच ती पट्टीला सापडायला पायजे."

"म्हंजे आजारी पडायचा अभ्यास करू?"

वहीत मी पाच दिवस एकच वाक्य लिहिलं: काही झालं नाही.

सहाव्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे घरात जे जे काम करतं ते सगळं धुऊन पूजेला मांडतात. कोयता, कुऱ्हाड, विळे, टमटमचा जॅक, पाना. आईनं माझा कॅल्क्युलेटरही मागून घेतला. मग तिची नजर बाबांच्या छातीकडे गेली.

"ते पण यंत्रच हाय ना? पाच दिस राबतंय बिचारं. द्या काढून दहा मिन्टं."

"आई, ती काढायची नाय. परत चिकटत नाय."

आईनं जरा विचार केला. "मग माणसासकट ठेव."

बाबा उघड्या अंगानं कुऱ्हाड आणि जॅकच्या मधे पाटावर बसले. पट्टी ओली होऊ नये म्हणून मी हळदकुंकू शेजारी कातडीवर लावायला लावलं. आईनं झेंडूचा हार घातला, ओवाळलं. बाबा उठायला लागले तशी म्हणाली, "कुठं चाललात? पूजा लागलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत जागचं हलवत नाय."

"अगो, मी काय कोयता हाय?"

"कोयता तरी उलट बोलत नाय."

शेवटी जेवणापर्यंत बसायचं, यावर मिटलं. एवढ्यात काकी प्रसादाची वाटी घेऊन आली आणि दारातच थबकली. "भावजींना पण धार लावली काय?" म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली.

तिच्या बाजूनं आमची शेळी आत आली. कोयत्याची फुलं सोडून ती सरळ बाबांच्या हाराला लागली. बाबा नुसतेच "हुर्र, हुर्र" करत होते, कारण हलायची बंदी. हार संपवून तिनं त्यांच्या काखेत जीभ घातली. पाच दिवस जपून ठेवलेलं हसू मग सुटलं. बाबा इतके हसले की जॅक आडवा झाला.

आणि मधेच हसू थांबलं. बाबांच्या कपाळावर घाम आला. हात पट्टीपाशी गेला आणि तिथंच राहिला.

मी विचारलं, "बाबा, होतंय?"

ते हळूच म्हणाले, "लिवू नको गो. टमटम जाईल."

मला खरंच काय करावं ते कळेना. त्यांचं सांगणं मी कधी मोडलेलं नव्हतं. मी म्हणाले, "त्या दिवशी काकी मागं बसली होती, बाबा."

त्यांनी काकीकडे पाहिलं. तिला काही कळलं नव्हतं, ती अजून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत होती. बाबांनी बटण दाबलं.

वहीत मी जे झालं ते लिहिलं: साडेअकरा. पूजेत बसले होते. शेळीने हार खाल्ला.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. पट्टीचा रिपोर्ट आला, तेव्हा बरोबर त्याच वेळी बाबांचे ठोके सैरावैरा पळालेले दिसले. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्या लागू पडल्याचं कळेपर्यंत टमटम चालवायची नाही म्हणाले.

"मग शेळीपासून पण लांब राहू काय?" बाबांनी विचारलं.

"शेळीचे उपकार माना," डॉक्टर म्हणाले.

परत येताना आम्ही बसनं आलो. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय खाली दाबला जात होता. एका ठिकाणी रस्त्यात म्हैस बसली होती. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. बाबा अर्धे उठले आणि त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "थांब ना जरा. उठंल ती."