बिनसमुद्राचा कप्तान

नवा कोरा लोकरी कोट सायकलच्या मागे बांधून अंगणभर फरफटत नेणारा म्हातारा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला आणि पटकन मागे सरले. मार्क जाऊन युरो आला त्याच्या पुढचं वर्ष असेल. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. म्हातारा काही फेऱ्या मारून उतरला, कोट झटकला, उजेडात धरून पाहिला आणि नाराजीनं मान हलवली. मग खिशातून किसणी काढली आणि आपण खोबरं किसतो तशी कोटाची कोपरं किसायला बसला. संध्याकाळी हे आल्यावर मी म्हटलं, "अहो, खालच्या मजल्यावर वेडा माणूस राहतो." हे रविवारीसुद्धा प्रयोगशाळेत जायचे. बूट काढता काढता म्हणाले, "बिल्डिंगमधले लोक ते माझ्याबद्दल बोलतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. बेल वाजली की तेव्हा मी श्वास धरून उभी राहायची; दार उघडलं तर बोलावं लागेल, ही धास्ती. पण बेल थांबेना. दारात तोच म्हातारा, हातात तोच कोट, चेहरा मात्र अगदी रीतसर. हेर टीलमान, म्हणजे श्रीयुत टीलमान, असं नाव सांगून त्यांनी कोटाकडे बोट दाखवत बरंच काही ऐकवलं. त्यातला चहा एवढाच शब्द मला कळला, म्हणून मी घाबरत चहा टाकला. तो त्यांनी उभ्याउभ्याच, निमूटपणे संपवला आणि मग गाळणीतला चोथा मागितला.

त्या दिवसापासून आमच्या घरचा चोथा वाया गेला नाही. टीलमान त्यात सदरे उकळत. नव्या कापडाचा पांढरेपणा त्यांना खपत नसे.

भाषा जराशी सुधारल्यावर मला उलगडा झाला. टीलमान जन्मभर गाड्या तपासणारे निरीक्षक होते. ब्रेक, दिवे, टायर पाहायचे आणि गाडी पास किंवा नापास करायची. निवृत्त झाले, बायको वारली आणि ते समुद्री चाचे झाले. म्हणजे सुट्टीच्या दिवशी तीनशे वर्षांपूर्वीच्या चाच्यांसारखे कपडे घालायचे, त्यांच्यासारखं रांधायचं, तंबूत झोपायचं, बघायला येणाऱ्यांना सगळं समजावून सांगायचं, असा छंद. तो छंद असलेल्या पंधरावीस जणांचे ते कप्तान होते. आमच्या गावाहून समुद्र गाठायचा तर आगगाडीत अख्खा दिवस मोडतो. त्यांचं जहाज म्हणजे गावाबाहेर, जुन्या खाणीच्या तळ्याकाठी जमिनीत रोवलेली डोलकाठी, भोवती ताणलेला दोर आणि एक वल्ह्यांची होडी. इथे समुद्र नाही, असं मी एकदा भीत भीत म्हटलं. टीलमान म्हणाले, "मग ते समुद्राचं दुर्दैव."

इतका कायदा पाळणारे लुटारू जगात दुसरीकडे नसतील. दुपारी एक ते तीन शांततेची वेळ, म्हणून तोफेचा बार तीन वाजून गेल्यावरच. माशाचे काटे ओल्या कचऱ्यात. रमच्या रिकाम्या बाटल्या काचेच्या डब्यात, पण रविवारी नाही, कारण रविवारी काच फोडून शेजाऱ्यांची झोपमोड करायची नसते. टीलमानांचा स्वतःचा कायदा याहून कडक. ते भिंग घेऊन प्रत्येकाची शिवण तपासत. दिसणारा प्रत्येक टाका हातचा हवा, गुंड्या लाकडाच्या नाहीतर शिंगाच्या, चेनचं तर नावच नको. एक नवा गडी डोळ्यावर पट्टी आणि खांद्यावर कापडी पोपट लावून आला, तर टीलमानांनी त्याला प्राणिसंग्रहालयाच्या ट्रामचा नंबर सांगितला. पाठीमागे सगळे त्यांना पोप म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "पोपला मत मागावं लागत नाही," ते म्हणायचे. "मला दर वर्षी लागतं. माझं काम अवघड आहे."

मी त्यांच्यात कशी गेले, हे अजून मलाच नीट कळलेलं नाही. माझी शाळा नववीत सुटली ती सुटलीच. इथल्या मराठी मंडळात बायका एकमेकींना शिक्षण विचारायला लागल्या की मी पाण्याचे ग्लास भरायला उठायची. टीलमानांनीही एकदा विचारलं. तिथे उठून जायला पाणी नव्हतं, म्हणून खरं सांगितलं. ते म्हणाले, "चाच्यांत दहावी पास कोण होतं? असेल एखादा, त्याला ते हिशेबाला बसवत." मग त्यांनी मला संध्याकाळच्या जर्मन वर्गाला घातलं. पहिल्या दिवशी मी पळून येईन हे ओळखून बाहेर व्हरांड्यात मोजा रफू करत बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी वर्ग घेणारी बाई म्हणाली, तुमच्या आजोबांना आत बोलवा, गारठतील. माझं एकटीनं ट्रामनं जाणं, फोन उचलणं, दवाखान्यात वेळ मागणं, सगळं त्यांनीच सुरू करून दिलं. बदल्यात माझी जर्मन मात्र विचित्र झाली. बँकेत गेल्यावर साधे शब्द आठवत नसत. डोलकाठी, डांबर, दारूगोळा सगळं तोंडपाठ.

पहिल्या वर्षी मी नऊवारी नेसून गेले. काष्टा घातला की पळता येतं, चढता येतं, शिवणच नाही तर तपासतील काय, असा माझा हिशेब. टीलमानांनी भिंग काढलं, काठ पाहिला आणि म्हणाले, "नायलॉन." मी घरी परत. अकोल्याहून मावशीनं हातमागाचं सुती लुगडं पाठवलं तेव्हा कुठे पास झाले. मला आत घेताना त्यांनी एक नियम सांगितला, की दोराच्या आत सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. त्याप्रमाणे ते दोराबाहेर मला "फ्राऊ वानखडे, तुम्ही" म्हणत आणि दोर ओलांडला की "ए, कांदे चिर." मीही त्यांना जर्मनमध्ये तू म्हणायला शिकले. मनातल्या मनात तुम्हीच म्हणत राहिले.

मताचा प्रकार असा. जुन्या चाच्यांत कप्तान निवडून दिलेला असे आणि नको झाला तर गडी त्याला मतानं काढत. म्हणून टीलमान दर वर्षी मोसमाच्या आरंभी सगळ्यांना बाकांवर बसवत, स्वतः डोलकाठीखाली उभे राहत आणि टोपी काढून विचारत, "ज्याला मी नको असेन त्यानं उभं राहावं." सगळे हसत, कोणी उठत नसे, बिअर ओतली जाई. कप्तानपद म्हणजे तोफ. गुडघ्याएवढी पितळी तोफ होती. गोळा नसायचा, पण दारू खरी. ती उडवायचा परवाना दोघांकडेच होता: टीलमान आणि झाबीने, ही त्यांची दुय्यम, एरवी औषधांच्या दुकानात बसणारी. लांब काठीच्या टोकाला धुमसती वात लावून बार उडवायचा, तो मान फक्त कप्तानाचा. टीलमान त्या एका क्षणासाठी वर्षभर जगत.

एका हिवाळ्यात ते माझ्याकडे सुया ओवून घ्यायला येऊ लागले. उजेड कमी पडतो म्हणाले. मग दुपारच्या लख्ख उन्हातही आले. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत, तरी बशीत चहा सांडे. मी पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. दोघंही चोथ्याबद्दल बोलत राहिलो.

वसंतात मोसमापूर्वीची तालीम होती. टीलमानांनी वातीची काठी उचलली, हात थरथरला आणि पेटता तुकडा गवतात पडला, दारूच्या पेटीपासून हातभर अंतरावर. मी चुलीजवळ होते. हातात मसुराच्या सुपाचं भांडं होतं, ते सगळंच ओतलं. विस्तव विझला. टीलमान आधी पेटीकडे पाहत राहिले, मग मला म्हणाले, "सूप पेटीला नाही, माणसांना वाढायचं असतं." सगळे हसले, जरा जास्तच मोठ्यानं. पण झाबीनेचा चेहरा पांढरा पडला होता. नंतर भांडी घासताना ती म्हणाली की कुणीतरी सांगायला हवं, पण तिनं सांगितलं तर तिला तोफ हवी आहे असंच वाटेल. आणि बाकीच्यांना कसं सांगवेल, टीलमानांनीच तर एकेकाला गोळा केलेलं. पुढच्या रविवारी मत होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात नदीच्या बंदरावरचा उत्सव होता, पोरंटोरं तोफेला खेटून उभी राहतात तो.

आठवडाभर मत कसं द्यावं ते ठरेना. यांना विचारलं, तर म्हणाले, "तुझं मत आहे. मला विचारून दिलंस तर माझं होईल." मला बाबांची आठवण आली. मतदानाच्या दिवशी आमचा बाप पहाटे आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून रांगेत पहिला उभा असे. एकदा पाटलानं त्याला आजारपणात केलेल्या मदतीची आठवण करून देऊन मत मागितलं. घरी आल्यावर बाप मला म्हणाला होता, "पोरी, उपकार जेवू घालून फेडाव, मत देऊन नाही." टीलमानांना मी शेकडो वेळा जेवू घातलं असतं.

रविवारी त्यांनी टोपी काढली आणि विचारलं. सगळे हसले. मी उभी राहिले.

लोकांना वाटलं, बिअर आणायला उठले. कुणीतरी म्हणालंही, माझ्यासाठी पण. मी तशीच उभी. टीलमान माझ्याकडे पाहत होते आणि मला वाटलं आता ते दोराबाहेर जाऊन मला पुन्हा 'तुम्ही' म्हणणार. मग झाबीने उठली. मग एकेक करून बाक रिकामे झाले. टीलमानांनी टोपी उलटी करून आत पाहिलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं विचारतोय. कुणीतरी एकदाचं ऐकलं."

हे इथे संपलं असतं, तर ते टीलमान कसले. पदावरून काढलेल्या कप्तानाला चाचे निर्जन बेटावर सोडून देत. ते झालंच पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. तळ्यात एक बेट होतं, पण तिथे पक्ष्यांच्या विणीचा मोसम असल्यामुळे प्रवेश बंद, अशी पाटी होती. ती पाटी त्यांनीच सगळ्यांना वाचून दाखवली. मग तळ्याच्या मध्ये पोहणाऱ्यांसाठी बांधलेला लाकडी तराफा होता, तोच बेट ठरला. एक पाण्याची बाटली, पावाचा तुकडा आणि रिवाजाप्रमाणे एका गोळीचं पिस्तूल द्यायचं असतं. पिस्तूल कायद्यानं नेता येईना, म्हणून शिट्टी दिली. जाड लोकरी कोट आणि टोपी घातलेले टीलमान तराफ्यावर मांडी घालून बसले आणि भोवती चड्डीतली पोरं धपाधप उड्या मारत राहिली. त्यात माझा मुलगा अनिकेतही होता. एका पोरानं त्यांना अर्धं आइस्क्रीम दिलं. चाचे आइस्क्रीम खात नसत, असं सांगून त्यांनी ते खाल्लं.

संध्याकाळी त्यांना आणायला कोणी जायचं, यावर ते आधीच बोलून गेले होते: जी आधी उठली तिनं. मी जन्मात वल्हं धरलं नव्हतं. होडी गोल गोल फिरू लागली. टीलमानांच्या ओठांवर हुकूम आलेला मला लांबूनही दिसत होता, पण हुकूम द्यायचा अधिकार आता त्यांना नव्हता. त्यांनी डोळे मिटून घेतले. अनिकेत तराफ्यावरून जर्मनमध्ये ओरडून मला डावं-उजवं सांगत होता, मी मराठीत त्याला गप्प बसायला सांगत होते. कशीबशी पोचले.

होडीत बसल्यावर त्यांनी कोट आवरून घेतला. मग विचारलं, "हात?"

"हात," मी म्हटलं.

"मला वाटलं होतं, झाबीने उठेल. किंवा कुणीच नाही." होडी पुन्हा एक गिरकी खाऊन लव्हाळ्यात शिरली. ते लव्हाळे बाजूला सारत म्हणाले, "आमच्या कचेरीत नियम होता. आपली गाडी आपण तपासायची नाही. कितीही प्रामाणिक निरीक्षक असला तरी. स्वतःचे ब्रेक करकरले तरी माणसाला गाणंच ऐकू येतं." थोड्या वेळानं आदबीनं म्हणाले, "सल्ला दिला तर चालेल का? दोन्ही वल्ही एकदम मार."

त्यानंतरचे टीलमान साधे गडी झाले आणि नवी कप्तान झालेल्या झाबीनेच्या नाकी नऊ आले. प्रत्येक गोष्टीला परवानगी मागत. "कप्तान, शिंकू का?" बार तिनं उडवला की ते आधी टाळ्या वाजवत आणि मग भिंग घेऊन तिच्या बाहीची शिवण बघत. पुढच्या वर्षी तिनं विचारलं, ज्याला मी नको असेन त्यानं उभं राहावं, तर टीलमान तडक उठून उभे. एकटेच. झाबीने रडवेली झाली. ते म्हणाले, "छे, तू चांगली आहेस. पण कुणी उठलंच नाही तर ते मत नाही, नुसती बिअर आहे." त्याच्या पुढच्या वर्षीही उठले. हरले की खूश दिसत.

त्यांचं शेवटचं वर्ष आलं तेव्हा ते चाकांच्या खुर्चीत होते. ती खुर्ची तीनशे वर्षांपूर्वीची नाही, म्हणून त्यांनी तिच्यावर शिडाचं कापड टाकायला लावलं. त्यानंतरचा हिवाळा त्यांनी काढला नाही. पण त्या वसंतात ते माझ्या शेजारीच बसले होते. झाबीनेनं टोपी काढून विचारलं आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"मला उभं कर," म्हणाले.

मी काखेत हात घालून त्यांना उचललं. सोडलं असतं तर कोसळले असते, म्हणून तशीच धरून उभी राहिले. झाबीने मोजायला लागली. "एक," म्हणाली आणि माझ्याकडे बघून थांबली. माझं मत तर तिलाच होतं. सांगायला हवं होतं की मी नुसती धरून उभी आहे. मी पकड आणखी घट्ट केली.

"दोन," झाबीने म्हणाली.

टीलमान माझ्या कानाशी कुजबुजले, "बघ. पक्ष वाढतोय."