बिस्किटापेक्षा जास्त, ब्रेडपेक्षा कमी

माझ्या आत्याच्या नाकावर कायम राग असायचा आणि त्याच नाकाच्या शेंड्याला बहुतेक वेळा मैदा लागलेला असायचा. त्यामुळे तिच्या रागाला आम्ही पोरं फारशी भीक घालत नसू. तिच्या ओव्हनला हात लावायला मात्र घाबरायचो. तिथे तिचा हात खरोखर उठायचा.

ओव्हन म्हणजे दिसायला काही विशेष नव्हता. पत्र्याचा एक डबा, समोर काचेचं दार, बाजूला दोन गोल बटणं. त्यातल्या एका बटणावरचे आकडे पुसून कधीच गायब झालेले. आत्याचे यजमान फार लवकर गेले. पदरात एक मुलगी, हातात दुसरी कुठली विद्या नाही. तेव्हा आत्याने कुणाचा तरी वापरलेला हा ओव्हन घेतला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवला आणि शेजारपाजारच्या वाढदिवसांचे केक करायला सुरुवात केली. पुढे त्यातून बेकरी उभी राहिली, तिथे माणसाच्या उंचीच्या भट्ट्या आल्या, कामाला माणसं आली. मग आत्याचे गुडघे गेले आणि बेकरी विकावी लागली. भट्ट्याही गेल्या. हा छोटा ओव्हन मात्र खिडकीखालून हलला नाही. चार जुनी गिऱ्हाइकं ‘केक तुमच्याच हातचा हवा’ म्हणून घरी यायची आणि आत्या ‘आता नाही हो होत’ म्हणत त्यांची ऑर्डर घ्यायची.

लहानपणी शाळा सुटली की मी घरी न जाता आत्याकडे जायचो. जिन्याच्या मधल्या वळणावरच वास यायचा आणि आज आत काय आहे ते कळायचं. केक भाजला की मधोमध फुगतो. क्रीम लावण्याआधी तो फुगवटा सुरीने कापून सपाट करावा लागतो. तो कापलेला तुकडा माझा आणि ताईचा. ताई म्हणजे आत्याची मुलगी, माझ्याहून थोडी मोठी. आम्ही दोघं ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसायचो आणि गरम तुकडा या हातातून त्या हातात करत खायचो. गिऱ्हाइकाच्या वाट्याला सुंदर केक जायचा, पण त्यातला सगळ्यात चांगला भाग आमच्या पोटात गेलेला असायचा, हे त्यांना कधीच कळलं नाही. तसा केक मी पुढे कुठेच खाल्ला नाही. खाल्ला असेन तर तो वास नव्हता.

भांडं आत सरकवण्याआधी आत्या दार उघडायची, उघडा हात आत धरायची आणि डोळे मिटून उभी राहायची. मग म्हणायची, “झाला.” किंवा, “अजून रुसलाय.” मागचा डावा कोपरा जास्त तापतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून भांडं नेहमी उजवीकडे पुढे, आणि अर्ध्यात एकदा फिरवायचं. “त्या कोपऱ्याचं डोकं माझ्यासारखंच आहे,” असं ती स्वतःच म्हणायची. किती केक करपवल्यावर तिला त्याचा स्वभाव कळला होता कोण जाणे.

ताई मोठी होऊन इमारतींचे नकाशे काढायला लागली. कॉम्प्युटरवर ती भिंती, दारं, जिने अशा काही झरझर काढायची की बघत राहावं. मग तिचं ऑफिसच बंद पडलं. सुरुवातीला तिने पुष्कळ अर्ज केले. नंतर ती बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर पडून राहायला लागली. आधी दुपारची, मग सकाळपासूनच. केस विंचरायचे तेही आत्याने आठवण केली तर. मी गेलो की उठून बसायची, हसायची, पण दोन वाक्यांत बोलणं संपायचं. आत्या आतून केकचा तुकडा आणून तिच्या उशाशी ठेवायची आणि संध्याकाळी तो तसाच उचलून न्यायची. माझ्याशी मात्र तावातावाने भाजीच्या भावाबद्दल बोलायची. ताईबद्दल बोलायचं तिला धाडस होत नव्हतं.

आणि अशात एका आर्किटेक्ट बाईंचा फोन आला. एका छोट्या दवाखान्याचे सगळे नकाशे हवे होते, तेही घाईने. काम पसंत पडलं तर कायमची नोकरी. ताई उठली, न्हाली आणि जुना लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसली. दुसऱ्या दिवशी ती काम करता करता गुणगुणत होती, हे आत्याने मला फोन करून कळवलं. त्यासाठी खास फोन!

त्याच आठवड्यात लॅपटॉप मेला. पडद्यावर आधी रंगीत पट्टे आले, मग काळोख. पंखा फिरायचा, थांबायचा, परत फिरायचा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाने तो उघडून पाहिला आणि सांगितलं, “मदरबोर्ड गेला.”

“गेला म्हणजे? कुठे गेला?” आत्याने विचारलं.

त्याने नव्या बोर्डाची किंमत सांगितली. त्यात थोडे घातले की नवा लॅपटॉप येत होता, आणि घरात ना हे होते ना ते. शिवाय बोर्ड यायला तीन आठवडे. ताईची फाइल सुखरूप होती, पण ती उघडायची कशावर? माझा लॅपटॉप ऑफिसचा, त्यात बाहेरचं काही घालायला बंदी. शेजाऱ्यांचा आणून पाहिला, तर नकाशाचं नाव काढलं की तो बेशुद्ध पडायचा.

घरी आल्यावर ताईने लॅपटॉप कपाटावर ठेवला. “उद्या बाईंना कळवून टाकते, जमणार नाही म्हणून,” ती म्हणाली, आणि कॉटवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यानेच मी घाबरलो. मला जिन्यात गाठून ती म्हणाली, “आता ती परत तिथे पडली ना, तर उठायची नाही. काहीतरी कर.”

मी काय करणार? बाजारातल्या एका जिन्याखाली, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी, एक लॅपटॉप दुरुस्त करणारा बसायचा. त्याला आम्ही ‘बघूया’ म्हणायचो. काहीही विचारा, त्याचं उत्तर तेच. दुरुस्त होईल का? बघूया. कधी होईल? बघूया. चहा घेणार का, याला मात्र तो लगेच हो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन निघालो, तर गुडघे दुखत असताना आत्याही मागून खाली उतरली. ताईला तिने बाईंना फोन करू दिला नव्हता. “एक दिवस थांब, आईवर उपकार कर,” एवढंच म्हणाली होती.

बघूयाने बोर्ड बाहेर काढून भिंगाखाली धरला. बराच वेळ तारा लावून तपासलं. मग म्हणाला, “काकू, ही चित्राची चिप. हिच्या पोटाखाली कथिलाचे बारीक बारीक ठिपके असतात. त्यांना तडे गेलेत. नीट तापवलं तर वितळून परत धरतील.”

“मग तापवा.”

“माझं तापवायचं मशीनच बंद पडलंय. त्याचा भाग यायचाय. दुसरा एक जण करतो, पण त्याच्याकडे दोन आठवड्यांची रांग.” त्याने कान खाजवला. “लोक ओव्हनमध्येपण करतात. जुगाड आहे, लागला तर लागला. पण मग तो ओव्हन कामातून जातो. या बोर्डात शिसं असतं, काय काय रसायनं असतात, सगळा विषारी धूर आत बसतो. त्यात पुन्हा खायचं काही करायचं नाही. कधीच.”

मी आत्याकडे पाहिलं नाही. मला पाहवलं नाही.

“किती तापवायचा?” आत्याने विचारलं.

“दोनशेच्या आसपास. कमी पडलं तर वितळणार नाही, जास्त झालं तर बोर्ड जळाला.”

“म्हणजे बिस्किटापेक्षा जास्त, ब्रेडपेक्षा कमी,” आत्या म्हणाली.

बघूयाने भिंग खाली ठेवलं.

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, आत्या, वेड लागलंय का? आपण भंगारातून एखादा जुना ओव्हन आणू. तर माझ्यावरच खेकसली. “आणि तो कुठे जास्त तापतो, कुठे कमी, ते कोण सांगणार? तू? हा बोर्ड एकच आहे ना? तो करपला की संपलं ना? मला फक्त माझाच ओव्हन कळतो.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “ताईला सांगायचं, यांनी मशीनवर केलं. तोंडातून ब्र काढलास तर बघ.”

ताई दुपारी दवाखान्याच्या जागेवर मापं घ्यायला गेली. काम सुटणार असलं तरी मापं तेवढी घेऊन देते, म्हणाली. ती गेल्यावर मी आणि बघूयाने ओव्हन उचलून गॅलरीत ठेवला. इतक्या वर्षांनी तो खिडकीखालून हलला होता. खाली फरशीचा चौकोन वेगळ्याच रंगाचा दिसत होता. बघूयाने बोर्डावरचं प्लॅस्टिकचं सगळं काढलं, बोर्ड फॉइलच्या गोळ्यांवर आडवा टेकवला आणि घाम पुसला. आत्याने नाकाला फडकं बांधलं, दार उघडलं, उघडा हात आत धरला आणि डोळे मिटले.

“अजून रुसलाय,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “झाला.”

बोर्ड उजवीकडे पुढे ठेवला. काचेतून आम्ही तिघं आत बघत होतो. वास यायला लागला. जळक्या रबराचा, आंबूस, घशात बसणारा. मी खोकत मागे सरलो. आत्या तिथेच उभी होती, खांद्यावर हात पुसायचं फडकं टाकून, नेहमी उभी राहायची तशीच. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते धुराचं आहे असं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं.

वेळ झाल्यावर बघूया म्हणाला, “आता बंद. दार उघडायचं, पण हात लावायचा नाही. गार होईपर्यंत हलवायचं नाही.”

“मला शिकवू नका,” आत्या म्हणाली. “केकपण हलवला की बसतो.”

गार झाल्यावर बघूयाने सगळे स्क्रू परत बसवले. बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला. मग पडदा उजळला, मी फाइल उघडली आणि ताईचा अर्धवट दवाखाना दिसला. “अरे, चाललं की!” बघूया ओरडला. एवढं ठाम वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. लगेच तो भानावर आला. “पण किती टिकेल सांगता येत नाही हं काकू. महिना, सहा महिने, बघूया.” त्याने चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. भट्टी तुमची, मी कशाचे घेऊ, म्हणाला.

आम्ही ओव्हन परत खिडकीखाली ठेवला. आत्याने तो आतून बाहेरून ओल्या फडक्याने पुसला, काच पुसली, वायर गुंडाळली आणि वर एक जुना टॉवेल घातला. फार हळू करत होती सगळं.

ताईने वेळेत नकाशे दिले. नोकरी लागली. पहिला पगार झाला त्या दिवशी ती दारातूनच ओरडत आली, “आई, आज तुझा केक! फुगवटा मला!” आत्या म्हणाली, “मनगट दुखतंय ग. पीठ फेटवत नाही. विकतचा आण.” ज्या घरात विकतचं बिस्किटसुद्धा पाप होतं, तिथे दुकानातला केक आला. आत्याने तो मुकाट्याने खाल्ला. “गोड फार आहे,” एवढंच म्हणाली. जुन्या गिऱ्हाइकांनाही तिने मनगटच सांगितलं. मग ताईने मलम आणलं आणि रोज ऑफिसातून आली की ती आत्याचं मनगट चोळायला बसायची. आत्या आपलं ठणठणीत मनगट पुढे करून बसायची. मी असलो की माझ्याकडे बघायची नाही. आपल्याला हसू येईल की रडू, याचा तिला भरवसा नसावा.

जिन्याच्या मधल्या वळणावर आता कसलाच वास येत नाही. तरी अजूनही मी तिथे क्षणभर थांबतो.

एका रविवारी मी आत्याकडे होतो तेव्हा लॅपटॉप दुसऱ्यांदा मेला. तसेच पट्टे, तसाच काळोख. ताईला त्याचं काही वाटलं नाही. ऑफिसने तिला नवा दिलेला होता. “जाऊ दे, दमला बिचारा,” ती म्हणाली. पण आत्याचा तोल गेला. ती तरातरा टेबलाशी आली आणि लॅपटॉपलाच झापायला लागली. “मेल्या, एवढ्यात संपलास? माझा ओव्हन गिळलास आणि वर्षभरसुद्धा तग धरवेना तुला?”

मग आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं, आणि ती खुर्ची ओढून बसली.

“ओव्हन?” ताई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ती उठून आत गेली, टॉवेल काढला, दार उघडलं आणि आत वाकली. तो आंबूस वास अजून गेलेला नव्हता. ती बाहेर आली तेव्हा मलाच सगळं सांगावं लागलं, कारण आत्या खुर्चीत बसून पदराशी चाळा करत होती.

ताई रडली. मग चिडली. “एका शब्दाने सांगितलं नाहीस? निदान विचारायचंस तरी मला!”

“विचारलं असतं तर तू ओव्हन वाचवला असतास,” आत्या म्हणाली. “मग मी रोज केक केला असता, आणि रोज तुझ्या उशाशी ठेवून संध्याकाळी परत उचलला असता.”