संध्या वर आली होती

भूत-प्रेत म्हटलं की हसणारी बाई मी. आमच्या कॉलनीत कोणाला पिंपळाखाली काही दिसलं, कोणाच्या अंगात आलं, की मी सरळ सांगायची — आधी बी.पी. तपासून घ्या. या सदरातले अनुभवसुद्धा मी जेवण झाल्यावर टाइमपास म्हणून वाचते. आणि आज मीच लिहायला बसले आहे... माझं मराठी जबलपूरचं, अर्धी हिंदी त्यात येणारच. सांभाळून घ्या.

खमरियाच्या बाजूला आमचं दोन मजली घर आहे. हे फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा बांधलं. वर आम्ही दोघं, खाली भाडेकरू. वर यायला बाहेरून जिना, एकवीस पायऱ्या, मध्ये एक वळण. लिफ्ट-बिफ्ट काही नाही.

सहा वर्षं खाली संध्या राहायची. अकोल्याची पोर, बँकेत नोकरीला, बदली होऊन इकडे आली. कॉलेजात असताना ॲक्सिडेंट झाला आणि कमरेखालचं सगळं गेलं. घरात व्हीलचेअर, बाहेर जायला मागे दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटी. स्वयंपाक, कपडे, सगळं स्वतः करायची. आणि बोलायला अशी फटाकडी की विचारू नका. "काकू, तुमच्या कुकरच्या शिट्ट्या मी खालून मोजते. आज सहा झाल्या. काकांना डाळ पाजणार का आज?"

दर चैत्रात आमच्याकडे गौर बसते, अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर. हळदीकुंकवाला बाया येतात. संध्याला जिना चढता येत नव्हता, म्हणून मी आंब्याची डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे घेऊन खाली जायची, तिला हळदीकुंकू लावायची आणि मोबाइलमध्ये आरास दाखवायची. ती म्हणायची, "फोटोत काय मजा, काकू? काकांना म्हणा, पोत्यासारखं उचला मला आणि न्या वर." आम्ही दोघी हसायचो. चार माणसं बोलावून खुर्चीसकट वर नेता आलं असतं. सहा वर्षांत एकदाही कोणी मनावर घेतलं नाही.

भांडण झालं ते बाथरूमवरून. आमच्या वरच्या बाथरूमचं पाणी तिच्या छतातून झिरपायचं. खाली फरशीवर कायम ओल, कोपऱ्यात शेवाळ. तिला खुर्चीवरून प्लास्टिकच्या स्टुलावर सरकून आंघोळ करावी लागायची. तिनं सांगितलं, गळती बंद करा, धरायला भिंतीत एक स्टीलचा पाइप ठोकून द्या, आणि दार बाहेर उघडेल असं करा. "मी पडले तर दाराआडच पडीन काकू, मग मला काढाल कसं?" असं तिनं अगदी स्पष्ट म्हटलं होतं. दिवाळीपासून आम्ही 'करून देतो, करून देतो' म्हणत राहिलो.

फेब्रुवारीत तिनं भाडं थांबवलं. मेसेज आला — काम ज्या दिवशी होईल त्याच दिवशी सगळं देईन. माझं डोकंच फिरलं. तरातरा खाली गेले आणि नको ते बोलले. "दया करून ठेवलं तुला. दुसरं कोण ठेवणार होतं?" तिचा चेहरा उतरला. "दया काहून म्हणता काकू? मी भाडं देऊन राहते," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून बोलणं बंद.

पुढे प्लंबर भैया मिळाला तोवर गौर बसली. घरात गौर असताना तोडफोड करायची नाही, हे माझ्या सासूबाईंनी घालून दिलेलं. हे म्हणाले, "अगं, ठोकाठोक खाली आहे, गौर वर आहे." मी म्हटलं, घर एकच आहे, गौर उठू द्या मग बघू. खरं सांगू? नियम होताच, पण मला तिला जरा ताटकळतही ठेवायचं होतं. आणि त्या चैत्रात मी डाळ-पन्हं घेऊन खाली गेले नाही.

आमच्या हळदीकुंकवाचा शनिवार. तिच्या बँकेला सुट्टी होती. दुपारचे साडेचार झाले असतील, पाचला बाया यायच्या होत्या. मी पन्ह्यात वेलची घालत होते. बेल वाजली नाही, पण दाराशी कोणीतरी आहे असं वाटलं म्हणून जाऊन उघडलं.

दारात संध्या. निळा गाऊन, केस ओले, पाठीवर मोकळे सोडलेले. माझ्या मनात पहिलं काय आलं, तर ही सणाच्या दिवशी भांडायला आली!

"काकू, दुरुस्ती आता राहू द्या," ती म्हणाली. अगदी शांत.

मला वाटलं, टोमणा मारून राहिली. "अच्छा! आणि भाड्याचं काय?"

ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती, गौरीकडे. पाळण्याला मी मोगरा लावला होता. "मला एकदा आत येऊन गौर बघू द्या न, काकू."

"आधी भाडं, मग गौर," मी म्हणाले. आणि दारातून हलले नाही.

तिला राग नाही आला. "चलो, ठीक आहे," म्हणाली, अजून एकदा आत बघितलं आणि जिन्याकडे वळली. मी दार लावून घेतलं.

हे हॉलमध्ये पेपर वाचत होते. "काहून एकटीच बडबडून राहिली?"

"एकटी कुठे? संध्या आली होती."

"वर?" ह्यांनी पेपर खाली केला. "वर कशी येईल ती?"

देवाशपथ सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ह्यांनी जिन्यावर जाऊन पाहिलं, कोणी नव्हतं. आम्ही खाली धावलो. हाका मारल्या. आमच्याकडची किल्ली आणून दाराचं लॅच उघडलं. बाथरूमच्या दाराखालून पाणी हॉलपर्यंत आलं होतं. दाराला आतून कडी लावलेली नव्हती, तरी ते चार बोटांच्या वर सरकेना.

दाराआड ती होती.

शेजाऱ्यांनी बिजागऱ्या काढून दार उतरवलं. डॉक्टरांनी बघून सांगितलं, सकाळी नऊ-साडेनऊची गोष्ट आहे ही. लगेच गेली की किती वेळ तशी पडून होती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. सकाळी नऊला मी वर रांगोळी काढत होते हो... निळा गाऊन तिच्या खोलीत खुंटीवर होता. मी हात लावून बघितला, कोरडा होता.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून तिची आई आली. रडणं नाही, काही नाही, पोरीच्या उशाशी बसून नुसती तिच्या केसांतून हात फिरवत होती. मध्येच मला म्हणाली, "तुम्ही तिला कधी उभी नाही पाहिली ताई. साडेपाच फुटांच्या वर होती माझी पोर. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये होती."

मी पाच फूट. सहा वर्षं मी त्या मुलीशी खाली बघून बोलले, आणि काल दारात मान वर करून भांडले होते. ती किती उंच असेल, हे मला कुठून ठाऊक असणार?

जाताना आईनं हात जोडले. "तिचं दोन महिन्यांचं भाडं राहिलं म्हणे. सांगा, किती द्यायचं?" मी त्यांचे हात धरले आणि हमसून हमसून रडले. त्या बिचारीनंच मला पाणी दिलं.

काम चौथ्या दिवशी करून घेतलं, गौर बसलेली असतानाच. दिवसभर छिन्नी-हातोडा चालला. गौरीनं काही म्हटलं नाही. गळती बंद झाली, पाइप लागला, दार आता बाहेर उघडतं. एवढं सगळं एका दिवसाचं काम होतं.

हे म्हणतात, तुझ्या मनाला खात होतं म्हणून तुला दिसली. पण खायला तेव्हा मनात होतं काय? मला तर राग होता, आणि ती गेली हे साडेचारला कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या उंचीचं तर ह्यांच्याकडेही उत्तर नाही. वर्ष होऊन गेलं, मी रोज त्या एकवीस पायऱ्या चढते-उतरते. ती वर कशी आली, मला सांगता येत नाही. मी तिला आत काहून नाही घेतलं, ते मात्र नीट सांगता येतं. मला फक्त दोन पावलं बाजूला व्हायचं होतं.