आक्कांच्या खोलीतले कप

औषधाचं नाव मी सांगणार नाही. विचारूही नका. किती मिलिग्रॅमची, दिवसाला किती, तेही नाही. सांगितलं की कप विसळायला लागतात, आणि पहिल्या दोन महिन्यांत मी इतके कप विसळलेत की या जन्माचा कोटा संपला. एवढं कळलं तरी पुरे, की ती दुखणं थांबवायची गोळी होती आणि आमच्याकडे ती कुलपाच्या कपाटात असायची.

मी फार्मासिस्ट. हॉस्पिटलच्या तळघरात आमचा औषध विभाग. दिवसभर ट्यूबलाइट, खिडकी नाही, वरून वॉर्डाच्या चिठ्ठ्या येतात आणि आम्ही औषधं पाठवतो. पाठ धरली म्हणून मी एक गोळी घेतली. मग पाठ सुटली, पण गोळी काही सुटेना. घरी कुणाला पत्ता नाही. मी आलेखाच्या कागदावर व्यवस्थित तक्ता आखला होता, दर आठवड्याला पाव गोळी कमी करायची म्हणून. असे सात तक्ते झाले. मला वाटायचं, अगं, तुला औषध कळतं, तुला ते काय फसवणार! पट्टीचे पोहणारेच बुडतात म्हणतात, ते काही उगाच नाही.

आता आक्कांबद्दल. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख. सगळं हॉस्पिटल त्यांना आक्काच म्हणायचं, अगदी त्यांच्याहून वयाने मोठे सर्जनसुद्धा. बुटक्या, जिभेने तिखट, आणि गोड हसल्या की समजावं, आज कुणाची तरी खरडपट्टी आहे. मी त्यांना टरकून असायचे.

पेशंट घरी गेला, किंवा गेलाच, की त्याच्या उरलेल्या गोळ्या वॉर्डातून आमच्याकडे परत येतात. दोघांनी मोजायच्या, नोंदवहीत लिहायच्या, दोघांनी सही करायची, मग नष्ट करायच्या. मोजायचे मी. दुसरी सही करणारा न बघताच करायचा, कारण त्याचा माझ्यावर विश्वास. त्या विश्वासाचं मी काय केलं, ते तुम्हाला कळलंच असेल.

एका दुपारी आक्कांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर नोंदवही उघडी. आक्का गोड हसल्या.

"काय गं, तुझ्या हातून कधी गोळी तुटत नाही वाटतं?"

"म्हणजे?"

"वॉर्डातून पट्ट्या येतात त्या कशा येतात? फाटलेल्या, चुरगळलेल्या. एखादी गोळी ओली, एखादी अर्धी. आणि इथे बघ. बारा, दहा, आठ. चार महिन्यांत एक अर्धी गोळी नाही. तू मोजत नाहीस, मनाने लिहितेस. असं पान मी आजवर एकदाच पाहिलंय."

"कुणाचं?" मी विचारलं. विषय दुसऱ्या कुणावर जाईल अशी वेडी आशा.

"माझं," आक्का म्हणाल्या. "पंचवीस वर्षं झाली."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "उद्या सकाळी नऊला मी वर जाऊन साहेबांना सांगणार. त्याआधी तू सांगितलंस तर शेजारी उभी राहीन. पळालीस तर मागे येणार नाही, गुडघे दुखतात माझे."

खरं सांगते, त्या रात्री मी त्यांना इतक्या शिव्या दिल्या की मोजल्या असत्या तर नोंदवही भरली असती. पण सकाळी पावणेनऊला मी वर गेले. दाराशी आक्का आधीच उभ्या होत्या, हातात पर्स घट्ट धरून, जणू परीक्षा त्यांचीच होती. आज आठवलं की वाटतं, त्या बाईचे पाय धरावेत. धरले असते तर म्हणाल्या असत्या, "सोड गं, गुडघे."

परवाना दीड वर्षासाठी निलंबित झाला. सहा आठवडे उपचार केंद्रात काढले. घरी आले, तेव्हा नवरा बोलेना, आणि मुलगा बोलायचा ते घाबरत. आणि मग सुरू झाला आक्कांचा गुरुवार.

चष्म्याच्या दुकानाच्या वर एक खोली. दहा घडीच्या खुर्च्या, एक गळका नळ, आणि एकाशी एक न जुळणारे नऊ कप. दर गुरुवारी चार वाजता तिथे फक्त फार्मासिस्ट आणि फार्मसीचे विद्यार्थी जमायचे. बाहेरच्या व्यसनमुक्ती गटांत आम्हाला का बसवत नाहीत, तर आम्ही तिथे तास घेतो! स्वतःचं सांगायचं सोडून दुसऱ्यांना औषधशास्त्र शिकवतो. म्हणून आक्कांच्या खोलीचा एकच नियम होता. औषधाचं नाव घ्यायचं नाही, मात्रा सांगायची नाही, ते शरीरात किती तास टिकतं हे तर मुळीच नाही. जो घेईल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे.

पहिल्याच दिवशी मी दहा मिनिटं बोलले. यकृत काय करतं, मूत्रपिंड काय करतं, सगळं. समोर शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी बसली होती, परीक्षेला जागायच्या गोळ्यांनी पोखरलेली. ती हळूच हसली. आक्कांनी माझ्या हातात ट्रे दिला.

"झालं यकृत? आता कप विसळ. आणि विसळता विसळता सांग, मुलाच्या वाढदिवसाला केक कापताना तू कुठे होतीस?"

मी बाथरूमला आतून कडी लावून बसले होते. तो दारावर थापा मारत होता, आई चल ना, आई चल ना. ते मी त्या गळक्या नळाखाली, पाठमोरी, पहिल्यांदा उच्चारलं. रडून रडून माझा कप दोनदा विसळून झाला. त्या नळाचे उपकार मी विसरणार नाही.

परवाना परत मिळाला तो आक्कांच्या पत्रावर. त्यांनी काय लिहिलं ते मला कधी दाखवलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "तुझी स्तुती केली असेल असं वाटतंय का तुला?" मी पुन्हा तळघरात रुजू झाले. मुलगा पुन्हा भांडायला लागला, नवरा माझ्या जोकवर हसायला लागला. आणखी काय हवं?

मग तीन वर्षांनी, निवृत्त झालेल्या आक्का बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी वीस गोळ्या दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. कुठल्या? तुम्ही समजलात. तीच. आक्कांनी तिला हात लावून तीस वर्षं झाली होती.

त्यांनी मला बोलावून घेतलं. पलंगाशेजारी दोन कुलपांची एक पत्र्याची पेटी होती. "एक किल्ली सुनेकडे. दुसरी तुझ्याकडे. दोघी असल्याशिवाय उघडायची नाही. सकाळी कामावर जाताना ये, संध्याकाळी परतताना ये."

सून बिचारी संकोचाने म्हणाली, "आई, ह्यांच्याकडे कशाला? म्हणजे, राग मानू नका हं, पण..."

राग कसला? चोराच्या हाती किल्ल्या, असंच कुणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं.

"तू भोळी आहेस," आक्का सुनेला म्हणाल्या. "चार दिवसांत मी तुला गुंडाळीन आणि तुला कळणारही नाही. हिला नाही गुंडाळता येणार. चोराच्या वाटा चोराला ठाऊक."

तीन दिवस ठीक गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी गोळी दिली, पाणी दिलं, पेटीला दोन्ही कुलपं लागली. त्या दिवशी व्यायाम घेणारी बाई येऊन त्यांना चालवून गेली होती. आक्कांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आणखी एक दे," त्या म्हणाल्या.

"नाही आक्का."

"अगं, माझं वजन बघ." आणि सुरू झाल्या. औषधाचं नाव, मात्रा, ते रक्तात किती तास टिकतं, वयानुसार काय बदलतं. इतकं सुंदर, इतकं बिनचूक. मी ऐकत राहिले, आणि मला माझे सात तक्ते आठवले. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा हात किल्लीकडे गेला.

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "आक्का, कप विसळा."

आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हाकलून देणार. मी स्वयंपाकघरातून पातेल्यात कोमट पाणी आणलं, आम्हा तिघींच्या चहाचे उष्टे कप आणले आणि पातेलं त्यांच्या मांडीवरच्या टॉवेलवर ठेवलं. मग डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी बर्फाचा शेक आणि ताप-अंगदुखीची साधी गोळी सांगितली.

मी फोन ठेवला तेव्हा आक्का कप विसळत होत्या. एक एक, कडेकडेने, बोटं फिरवून. डोळ्यांतून धार लागलेली.

"मी मागितली," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांनी मी मागितली गं."

"मागितलीत. मिळाली नाही," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलंत."

त्या रडता रडता हसल्या आणि म्हणाल्या, "हा कप नीट नाही निघाला. सून चहा फार कडक करते."

सातव्या दिवशी संध्याकाळी म्हणाल्या, अर्धीच पुरेल. मी सुनेसमोर गोळी मोडली. आठव्या दिवसापासून साधीच घेतली. उरलेल्या गोळ्या घेऊन मी आणि सून हॉस्पिटलच्या तळघरात गेलो. खिडकीवर माझा सहकारी होता, तोच, न बघता सही करणारा. आता बघून करतो. त्याने गोळ्या ताटलीत ओतल्या, मोजल्या आणि वही माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं: साडेसहा.

तिथूनच आक्कांना फोन केला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"साडेसहा."

आक्का म्हणाल्या, "आता लिहायला आलं तुला."